इंजिन बदललं, पण दांडा हाताला आला का?

आज पिकाचं काही नाही, गाडीचं लिहितोय. जुन्या जीपला दुसरं इंजिन टाकलं की गिअरचा दांडा नवा करावा लागतो. वर्कशॉपमध्ये हे काम सगळ्यात शेवटी होतं. इंजिन बसलं, क्लच जुळला, गाडी चालू झाली की मालक पेढे आणायला निघतो. मिस्त्री म्हणतो, दांडा काय, वाकवून देतो संध्याकाळपर्यंत. पण या दांड्यालाही पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे.

सुरुवात अमेरिकेतून करू. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर फक्त ८० इंच. एवढ्याशा गाडीत जमिनीतून तीन दांडे वर आलेले: एक गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा आणि एक हाय-लो बदलायचा. शिपायाला अंधारात, चिखलाच्या हातानं ते सापडायला पाहिजेत, म्हणून तिन्ही हाताजवळ.

युद्ध संपल्यावर विलिसनं १९४५ मध्ये तीच गाडी शेतकऱ्यासाठी बाजारात आणली. नाव सीजे-२ए. नांगर, कुळव, पट्ट्यावर चालणारी यंत्रं याच गाडीवर चालतील, अशी जाहिरात होती. लो मधला पहिला गिअर टाकला की इंजिनच्या साधारण ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. हिशेब केला तर इंजिन १००० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. म्हणजे बैलाची चाल. या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांत गिअरचा दांडा मोटारकारसारखा स्टिअरिंगच्या नळीवर दिला होता. १९४६ मध्येच तो परत खाली आणला. थोडक्यात, दांडा कुठं असावा हे खुद्द कंपनीलाही पहिल्या फटक्यात ठरवता आलं नव्हतं.

इंजिनबदलाची सुरुवातही कंपनीनंच केली. जुनं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन काढून ७५ हॉर्सपॉवरचं हरिकेन इंजिन टाकायचं ठरलं. ते उंचीला जास्त, जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केलं. ही १९५३ ची सीजे-३बी, आपल्या ओळखीची उंच नाकाची जीप. महिंद्रानं १९४७ मध्ये ७५ गाड्यांचे सुटे भाग मागवून इथं जुळणी सुरू केली होती. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जागा घेतली. पुढं ही उंच नाकाची जीप आपल्याकडं इतकी वर्षं बनली, की तिकडं ती १९६८ ला बंद झाली तरी इकडं चालूच राहिली.

इथून पुढं दोन देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

तिकडं पेट्रोल स्वस्त, माणसाला ताकद हवी. लोकांनी जीपमध्ये मोटारकारची सहा आणि आठ सिलिंडरची इंजिनं बसवायला सुरुवात केली. १९६५ मध्ये कैसर जीप कंपनीनंही ब्यूइकचं ३.७ लिटरचं व्ही-६ इंजिन सीजे-५ मध्ये दिलं. ताकद जुन्याच्या दुपटीवर. हेच इंजिन का? कारण व्ही आकारामुळं ते लांबीला आखूड. एवढ्या आखूड गाडीत लांबी हाच खरा अडसर. पुढं ब्यूइकला त्या इंजिनची गरज उरली नाही, तेव्हा कैसरनं त्याची यंत्रसामग्रीच विकत घेतली. १९७४ च्या तेलटंचाईत जनरल मोटर्सला कमी पेट्रोल पिणारं इंजिन हवं झालं, आणि तीच सामग्री त्यांनी परत घेतली.

आपल्याकडं उलटं. पेट्रोल परवडत नव्हतं, डिझेल स्वस्त होतं आणि गाडीनं रोज पोट भरायला पाहिजे होतं. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-२७५ ट्रॅक्टर जुन्या लोकांना आठवत असेल. त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन महिंद्राच्या जीपमध्ये आलं. १९७९ मध्ये महिंद्रानं फ्रान्सच्या प्यूजोशी एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनचा करार केला. पण ज्यांच्या दारात आधीच पेट्रोल जीप उभी होती, त्यांनी नवी गाडी घेतली नाही. त्यांनी तालुक्याच्या मिस्त्रीकडून मॅटाडोरचं, नाहीतर मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन टाकून घेतलं. दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, बाजाराची माणसं या गाड्यांनी वाहिली.

कारण वेगळं असलं तरी अडचण दोन्हीकडं एकच. इंजिन लांब असलं, किंवा त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स आला, की गिअरबॉक्सचं डोकं मागं सरकतं. मूळ दांडा सीटच्या कडेला नाहीतर थेट सीटखाली येतो. ट्रान्सफर बॉक्स मागं गेल्यानं मागचा जॉइंट आखूड होतो, त्याचा कोन वाढतो, ते वेगळंच. मग दांडा पुढं आणायचा तर वाकवायचा, किंवा सळया जोडून लांबून चालवायचा. तिकडचा नमुना इकडं जसाच्या तसा चालत नाही. त्यांचा चालक डावीकडं बसतो आणि उजव्या हातानं गिअर टाकतो. आपलं बरोबर उलट.

आता कामाचं. दांडा म्हणजे साधी तरफ. मध्ये गोळा, तो टेकू. गोळ्याखालचं टोक आत गिअरचे काटे सरकवतं, वरचं टोक आपल्या हातात. वरचा भाग लांब केला तर जोर कमी लागतो, पण हात जास्त फिरतो. आखूड केला तर हात कमी फिरतो, जोर जास्त. दांड्याला कितीही वळणं द्या, हिशेब फक्त गोळ्यापासून मुठीपर्यंतच्या सरळ अंतराचा. वळणानं दुसरं दुखणं मात्र येतं. दांडा बाजूला वाकवलेला असला की पुढंमागं ओढताना तो गोळ्यात पिळला जातो. तो पीळ गोळ्यातली छोटी पिन धरते. पिन झिजली की दांडा गरगर फिरायला लागतो आणि गिअर सापडत नाहीत.

पेट्रोलच्या जागी डिझेल आलं की आणखी एक गोष्ट बदलते. डिझेल इंजिन रबरांवर जास्त हलतं, मंद चालताना आणि बंद करताना तर जोरात हिसका देतं. दांडा गिअरबॉक्सबरोबर हलतो, पत्रा बॉडीला घट्ट. पत्र्याचं भोक चिंचोळं ठेवलं तर दांडा कडेला आपटतो आणि गिअर आपोआप सुटतो. सपाटीवर सुटला तर गाडी नुसती ओरडते. घाटाच्या उतारावर भरलेली गाडी लो गिअरवर धरलेली असताना सुटला, तर इंजिनची अडवण संपली, सगळा भार ब्रेकवर. जुन्या जीपचे ब्रेक केवढे, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून म्हणतो, दांडा हे शेवटचं किरकोळ काम नाही.

आमच्या तालुक्याला एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांची पद्धत मी उभं राहून पाहिली आहे. ते मूळ दांड्याला आधी हातच लावत नसत. मालकाला सीटवर बसवायचे, क्लच दाबायला लावायचे आणि डोळे मिटून हात जिथं सहज पडेल तिथं ठेव म्हणायचे. मग बारीक सळई वाकवून नमुना करायचे. तो गोळ्याच्या जागी धरून सगळ्या गिअरच्या जागांवर फिरवून बघायचे. पुढच्या गिअरला मूठ डॅशबोर्डला लागते का, मागच्याला सीटला, शेजारच्या माणसाच्या गुडघ्याला, लो च्या दांड्याला? नमुना पास झाला की मगच खरा दांडा तापवायचे, तोही गोळ्यापासून लांब. जोड द्यायचाच असेल तर टोकाला टोक लावून नुसता टाका मारायचे नाहीत. वरून नळीची बाही चढवून दोन्हीकडं वेल्डिंग करायचे. पत्र्याच्या भोकात चारी बाजूंनी दोन बोटं जागा, वरून जुन्या ट्यूबचा बूट.

अमेरिकेत हेच ज्ञान पुढं कंपन्यांकडं गेलं. नोव्हाक, अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडाप्टर्स अशा नावांनी जोडसाहित्य निघालं. कोणत्या इंजिनला कोणता गिअरबॉक्स, दांडा किती इंच मागं येणार, हे छापून मिळायला लागलं. आपल्याकडं तेवढीच अक्कल होती, पण ती मिस्त्रीच्या हातात राहिली. वहीत उतरली नाही. ते मिस्त्री गेले, त्यांची मुलं आता दुसऱ्या धंद्यात आहेत. त्यांनी वाकवलेले दांडे अजून गोठ्याच्या मागं उभ्या असलेल्या गाड्यांत आहेत, पण त्यामागचं माप कुणाला माहीत नाही.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ त्यासाठीच आहे. आरसी बुकावरचं इंजिन आणि गाडीतलं इंजिन वेगळं निघालं तर अपघातानंतर विमा मागताना पंचाईत होते.

दुसरी, तुमच्याकडं अशी बदललेली जीप असेल तर फोटोबरोबर चार मापं टाका. कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स, गोळ्यापासून मुठीपर्यंत सरळ किती इंच, आणि दांडा पुढं व बाजूला किती वाकवलाय. कुणी केला हे माहीत असेल तर गावाचं नाव लिहा. मी सगळी मापं एका वहीत उतरवून ठेवणार आहे. भंगारवाला तुमच्या दारात यायच्या आधी टेप लावा.