उगारलेल्या हाताचा हिशेब

पोलिसपटांच्या ठरीव साच्याचा विषय निघाला की मुंबईचे नाव पुढे येते. परंतु या साच्याच्या घडणीत आपल्या प्रांताचा वाटा थोडाथोडका नाही. १९७३ च्या 'जंजीर'चे लेखक सलीम-जावेद. त्यांपैकी सलीम खान इंदूरचे, जावेद अख्तर भोपाळच्या सैफिया महाविद्यालयाचे विद्यार्थी; नायिका जया भादुरी यांचे शालेय शिक्षणही भोपाळचेच. तेव्हा या साच्याची पारख करण्याचा थोडा अधिकार भोपाळकर म्हणून आम्हांस असावा.

साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रामाणिक अधिकारी, विकले गेलेले वरिष्ठ, पुढाऱ्यांच्या आश्रयाने माजलेला गुंड, बदली अथवा निलंबन आणि शेवटी हातघाई. केवळ साचा आहे म्हणून चित्रपट वाईट, असे आम्ही मानीत नाही. कीर्तनातले आख्यान तरी श्रोत्यांस कोठे नवे असते? नायकाने उगारलेल्या हाताचा हिशेब कोणी मागतो की नाही, एवढे आम्ही पाहतो. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्यांना ही खोड असणारच.

'जंजीर'मधला विजय लाचेच्या खोट्या आरोपात अडकतो, वर्दी गमावतो आणि मग लढतो. सूड त्याचा स्वतःचा. त्यावर शासनाचा शिक्का नाही.

दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, 'अर्धसत्य' आला. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांचे लेखन, दिलीप चित्रे यांची कविता, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन आणि रामा शेट्टीच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर. सामग्री जवळजवळ तीच. पण येथे फौजदार अनंत वेलणकराच्या मारहाणीत कोठडीतला एक भुरटा चोर मरतो आणि चित्रपट तो मृत्यू विसरू देत नाही. ज्याचा आजवर द्वेष केला त्याच शेट्टीच्या दारी वेलणकराला मदतीसाठी जावे लागते. तेथे तो त्याचा गळा घोटतो आणि स्वतः होऊन ठाण्यात हजर होतो. त्या क्षणी ओम पुरींच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नाही.

'सिंघम' (२०११) हा तमिळ चित्रपटाचा नवा अवतार. नायकाचे नाव मात्र खास मराठी, बाजीराव. आम्हीही तो शिट्ट्यांच्या गजरात पाहिला आणि रंगलो. खोटे कशाला बोलावे? परंतु अखेरीस अवघे पोलीस दल जयकांत शिक्रेच्या हत्येत सामील होते आणि बाहेरच्यांसाठी निराळी हकीकत रचते. रचलेली हकीकत हाच येथे विजयोत्सव! टिपणीखाली सही करताना ज्यांनी दहादा विचार केला, त्यांना हे कसे रुचावे?

या टाळ्या चित्रगृहापुरत्या नसतात. १९७९-८० मध्ये भागलपुरात पोलिसांनी कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत तेजाब ओतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि इकडे शहरातले नागरिक पोलिसांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. प्रकाश झा यांच्या 'गंगाजल'ला (२००३) या घटनेचा आधार आहे. (त्यांचा २०१६ चा 'जय गंगाजल' आपल्या भोपाळातच चित्रित झाला, ओळखीचे रस्ते बिहार म्हणून पाहताना गंमत वाटली.) 'गंगाजल'मध्येही खलनायकांचा निकाल न्यायालयात लागत नाही, इतका तो साच्याला शरण जातो. तरीही त्यातला अधिकारी आपल्याच शिपायांना आणि त्यांचा जयजयकार करणाऱ्या लोकांना खडसावतो. तेजाबाच्या प्रसंगी आमच्या मागच्या रांगेत जोरात टाळ्या पडल्या होत्या. खडसावण्याच्या प्रसंगी तीच रांग गप्प बसली होती.