रुक्मीचे मस्तक आणि केशरोपणाचा इतिहास

कौंडण्यपूर म्हटले, की वर्धेच्या काठचे अंबिकेचे देऊळ आणि तेथून दौडत निघालेला श्रीकृष्णाचा रथ वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आपोआप उभा राहतो. आषाढी वारीला माहेरची पालखी पंढरपुरास जाते ती रुक्मिणीसाठी. तिच्या थोरल्या भावाची, रुक्मीची, आठवण सहसा कोणी काढीत नाही. आज आम्ही ती काढणार आहोत, आणि तीही त्याच्या पराक्रमासाठी नव्हे, तर त्याच्या डोक्यावरील केसांसाठी. श्रोत्यांना हसू आले तरी आमची हरकत नाही.

भागवताच्या दशम स्कंधातील प्रसंग असा : रुक्मी पाठलाग करीत गेला, हरला, आणि बहिणीने पदर पसरला म्हणून त्याचे प्राण वाचले. श्रीकृष्णाने त्याला वस्त्राने बांधले व डोक्याचे आणि मिशांचे केस कोठे ठेवून, कोठे काढून त्याला विद्रूप केले. नंतर बलराम आला. त्याने बंधन सोडले आणि धाकट्या भावाला सुनावले, की सोयऱ्याला असे विरूप करणे म्हणजे त्याला मारल्यासारखेच आहे. रुक्मी पुन्हा कौंडण्यपुरात शिरला नाही. कृष्णाला मारल्यावाचून परतणार नाही, ही त्याची प्रतिज्ञा होती. तो भोजकटास राहिला. हे भोजकट अमरावतीजवळचे भातकुली, असे अनेक अभ्यासक मानतात. अचलपूरजवळ चम्मक येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात भोजकट राज्याचे नाव आहेच.

कथा पुराणातली आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून आम्ही ती पुढे करीत नाही. परंतु डोक्यावरचे वैगुण्य माणसाला गावापासून तोडते, हे ज्या समाजाने बलरामाच्या तोंडी घातले, त्याला या दुःखाची खोली माहीत होती, एवढे निश्चित.

रुक्मीचे केस मात्र काही महिन्यांत वाढले असतील. वस्तरा फिरला तरी मूळ शाबूत राहते. भाजल्याने, खोल खोक पडल्याने किंवा शस्त्रक्रियेने जो व्रण राहतो, त्याची गोष्ट वेगळी. तेथे केसाचे मूळच नष्ट होते आणि त्याच्या जागी गुळगुळीत, रक्तपुरवठा कमी असलेली कातडी येते. चाई पडलेल्या जागी केस पुष्कळदा परत येतात; व्रणावर ते येत नाहीत.

आमच्या प्राचीन वैद्यांना हा प्रश्न ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात जखमेवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. जखम भरली, की सुश्रुताचे काम संपत नाही. पांढरा पडलेला डाग काळा करणे, काळा डाग पांढुरका करणे, आणि भरलेल्या जागी केस उगवविणे, हेही त्यात येते. केसांसाठी हस्तिदंताची मशी व रसांजन यांचा लेप दिला असून त्याने तळहातावरही केस येतात, अशी ग्वाही आहे. ही ग्वाही आम्ही अर्थातच जशीच्या तशी स्वीकारीत नाही! परंतु रोग्याला पूर्ववत् दिसू देणे हा उपचाराचाच भाग मानणे, हे आम्हांला लेपापेक्षा फार मोठे वाटते.

कातडी एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याची विद्याही आपल्या मुलखात जिवंत होती. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या बैलवाल्याला पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. त्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली आणि ती वाचून विलायतेतील शस्त्रवैद्य कामाला लागले. या क्रियेत एक गंमत आहे. कपाळावरचा तुकडा केसांच्या रेषेपर्यंत गेला, तर नव्या नाकावर केस वाढू लागतात! जागा बदलली तरी केस आपला स्वभाव सोडीत नाही.

याच स्वभावावर पुढची सारी इमारत उभी आहे. १९३९ साली जपानी त्वचावैद्य शोजी ओकुडा यांनी दोन ते चार मिलिमीटरच्या गोल टिकल्यांनी केसांसह कातडी काढून ती भाजलेल्या व व्रण पडलेल्या डोक्यांवर लावली. लगेच महायुद्ध पेटले व हे काम पश्चिमेस बराच काळ पोहोचले नाही. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी टकलावरचा प्रयोग १९५२ साली केला व १९५९ साली प्रसिद्ध केला. मागील बाजूचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच टिकतात, हे त्यांनी दाखविले. म्हणजे जपानातले काम व्रणांसाठी होते. टकलाचा बाजार मागाहून आला आणि त्याने मूळ मालकालाच घराबाहेर काढले.

व्रणावरचे रोपण टकलापेक्षा अवघड आहे. निबर कातडीत रक्त कमी, म्हणून केस विरळ लावावे लागतात. जाणकार वैद्य आधी थोडे लावून पाहतात आणि ते रुजले तरच पुढे जातात. व्रण जुना व शांत झालेला असावा. ज्या रोगाने कातडी झिजत आहे तो चालू असेल, तर रोपण करू नये. लावलेले केस काही आठवड्यांत गळतात. ते पाहून पुष्कळांचा धीर सुटतो. पण मूळ आत असते. तीन-चार महिन्यांनी नवे केस डोकावतात आणि पुरते फळ दिसायला वर्ष लागते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्वी रोपणासाठी डोक्यामागून कातडीची पट्टी कापीत, आणि तीच एक लांब व्रण ठेवून जाई. आता एकेक मूळ सुटे काढता येते आणि त्या मुळांनी तो जुना व्रणही झाकता येतो.

यासाठी दूरदेशी धाव घ्यावी, असेही नाही. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. भाजलेल्यांचे व फाटक्या ओठांच्या मुलांचे चेहरे सुधारण्याची विद्या तेव्हापासून विदर्भाच्या अंगणात आहे. उलट, रस्त्यावरच्या जाहिराती पाहून डोके कोणाच्याही हाती देण्याचे दिवस धोक्याचे आहेत. २०१९ साली मुंबईत एका गृहस्थाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सूचना काढल्या, की हे काम रीतसर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच करावे. चित्रफिती पाहून शिकलेले चालणार नाही. तेव्हा व्रण दाखवायला जाल, त्या दिवशी पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. टाचणीएवढ्या त्या छिद्रांत केस कोण लावणार, डॉक्टर स्वतः की आणखी कोणी, हे आधी विचारा.