समशेर आणि कलम

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य सर्रास ऐकू येते. मुलगा धिप्पाड आहे, पण पुस्तकाचे नाव काढले की पळतो, मग वडील म्हणतात, “जाऊ द्या, लष्करात घालू.” नागापूरसारख्या गावी हे वाक्य तोंडी येणे स्वाभाविकच आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला रणगाड्यांचे शहर, अशी या गावाची जागा. लष्कराच्या गाड्या आणि गणवेश येथील मुले लहानपणापासून पाहतात. मात्र त्या वाक्यात जे गृहीत धरलेले आहे, की शिपाईगिरीला इल्माची गरज नाही, ते याच शहराच्या इतिहासाशी मुळीच जुळत नाही.

निजामशाहीच्या दरबारापासूनच पाहा. इराणकडील अस्तराबादचा गुलाम अली हिंदूशाह नावाचा एक विद्वान अहमदनगरला आला, तो शाहजादा मीरान हुसेन याला फारसी शिकविण्यासाठी. त्याच्याबरोबर त्याचा लहान मुलगा मुहम्मद कासिम होता. बाप लवकरच वारला आणि मुलगा याच दरबारात वाढून मुर्तजा निजामशहाच्या पहाऱ्यावरील सैनिकांचा सरदार झाला. पुढे 1588 साली मीरान हुसेनने आपल्या बापाचाच, म्हणजे मुर्तजाचा, जीव घेतला. त्या धुमाळीत पहाऱ्यावरील माणसे कापली गेली. मुहम्मद कासिम तेवढा वाचला, कारण शाहजाद्याने त्याला ओळखले. उस्तादाच्या मुलाची ओळख म्हणा, नशीब म्हणा. पण तो मेला असता तर दख्खनच्या इतिहासाचा मोठा भाग आपल्याला आज माहीतच नसता. हाच तो फरिश्ता.

1589 मध्ये तो विजापूरला गेला. तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने त्याला हिंदुस्थानच्या मुसलमान राजवटींचा, विशेषतः दख्खनच्या सुलतानांचा, इतिहास लिहिण्यास सांगितले. शिपाई माणूस, पण त्याने आधीच्या ग्रंथकारांची पुस्तके मिळविली, वाचली, ताडून पाहिली आणि मग ‘गुलशन-ए-इब्राहिमी’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खर्डा 1606-07 च्या सुमारास पुरा झाला. 1565 च्या तालीकोटच्या लढाईत अहमदनगरच्या तोफखान्यावरील चलबी रूमीखानाने शत्रू अगदी जवळ येताच तोफांत तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून बार काढल्याचे तो सांगतो. अशी बारीक गोष्ट टिपायला लष्करी माणसाचीच नजर लागते. मात्र त्याने दिलेले सैन्याचे आकडे जपूनच घ्यावेत. लाखांची भाषा तो फार सहज बोलतो.

या ग्रंथाच्या नशिबी पुढे आणखी एक शिपाई आला. जॉन ब्रिग्ज हा कंपनीच्या मद्रास फौजेतील अधिकारी. त्याने फरिश्त्याचा इंग्रजी अनुवाद करण्यास घेतला होता. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई पेटली आणि पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली, तेव्हा त्याची पुस्तके व कागदपत्रे लुटली गेली. कोणीही हात टेकले असते. ब्रिग्जने पुन्हा जमवाजमव केली, आणि 1829 मध्ये तो अनुवाद चार खंडांत लंडनला प्रसिद्ध झाला. आपल्या शत्रूची चिकाटीसुद्धा शिकण्यासारखी असते.

आता किल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला या. 1595 च्या अखेरीस मोगल फौजांनी अहमदनगरला वेढा घातला. आत चाँदबिबी होती. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला, ही कथा नगरचे लहान मूलही सांगेल. पण बाहेर शाहजादा मुरादबरोबर जो सेनापती होता, त्याच्याविषयी आपण कमी बोलतो. तो अब्दुर्रहीम खानखानान. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे तुम्ही पाठ करता, ते रहीम हेच. तो चार-पाच वर्षांचा असताना वडील बैरामखान यांचा खून झाला. अकबराने त्याला वाढविले आणि शिकविले. अरबी, फारसी, तुर्की, हिंदी या भाषा त्याने आपल्याशा केल्या. नगरच्या वेढ्याच्या सहा वर्षे आधी, 1589 साली, त्याने बाबराची आत्मकथा तुर्कीतून फारसीत आणून अकबराला सादर केली होती. म्हणजे आपल्या तटासमोर तळ देऊन बसलेल्या या सेनापतीने एका विजेत्या सेनापतीचे पुस्तक शब्दाशब्दाने वाचलेले होते. बाबर आपले पराभव कसे सांगतो, समरकंद हातचे कसे गेले, कोठे घाई झाली, कोणावर फाजील विश्वास टाकला, हे सारे त्याच्या नजरेखालून गेले होते. तरीही 1596 मध्ये चाँदबिबीपुढे मोगलांना वऱ्हाडावर तडजोड करून परतावे लागले, ही गोष्ट वेगळी! किल्ला त्यांच्या हाती पडला तो 1600 साली.

त्या आत्मकथेत एक पत्र आहे. विद्यार्थी मित्रांनो, ते तुमच्यासाठीच लिहिले असावे असे वाटते. 1528 च्या नोव्हेंबरात बाबराने हुमायूनला ते पाठविले. हुमायून तेव्हा वीस वर्षांचा होता आणि उत्तरेकडील सरहद्द सांभाळत होता. पत्रात मोहिमेचे हुकूम आहेत, समरकंदच्या दिशेने हालचाल करण्याची सूचना आहे, आणि मध्येच बाप मुलाला शुद्धलेखनावरून चांगलाच खडसावतो. तुझे पत्र वाचता वाचता माणूस थकतो. एक शब्द तर तू चुकीचा लिहिला आहेस. अवघड, नटवे शब्द घालतोस म्हणून अर्थ हरवतो. यापुढे साधे आणि स्पष्ट लिही, म्हणजे लिहिणाऱ्यालाही त्रास कमी आणि वाचणाऱ्यालाही, असा त्याचा आशय आहे. बादशहाला एवढी फुरसत होती काय? फुरसतीचा प्रश्नच नव्हता. काबूल आणि आग्रा यांच्यामध्ये घोडेस्वाराच्या हातून जाणारा कागद हाच सेनापतीचा आवाज होता. तो कागद नीट कळला नाही, तर फौज भलतीकडेच जाणार.

असा स्पष्ट कागद पाहायचा असेल तर शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र पाहा. दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, दिवा रात्री जळत ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण खाक होईल. प्रत्येक हुकमाबरोबर त्याचे कारण दिलेले आहे. मराठीत लष्करी लेखन कसे असावे, याचा मला तरी याहून चांगला नमुना ठाऊक नाही.

आर्थर वेलस्लीची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1796 मध्ये हिंदुस्थानला निघताना या तरुण कर्नलने पेटीभर पुस्तके विकत घेतली आणि लांबच्या समुद्रप्रवासात ती वाचली. ऑगस्ट 1803 मध्ये त्याने 8 तारखेला नगरची पेठ आणि 12 तारखेला किल्ला घेतला. या मोहिमेतील त्याचे खलिते पुढे छापले गेले. याच किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात मौलाना आझाद व पंडित नेहरू कैदेत होते आणि तेथे त्यांच्या हातून थोर ग्रंथ लिहिले गेले. पण ते सेनानी नव्हते, म्हणून येथे केवळ सलाम करून पुढे जातो.

स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय अहमदनगरला उभे राहिले. शहराचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण हे विद्यालय आहे तेथेच आहे. नावातच ‘विद्यालय’ आहे, पालकांनो! रणगाडा चालविण्याआधी त्याचे इंजिन, तोफ आणि बिनतारी यंत्र पुस्तकातून शिकावे लागते. अधिकाऱ्यांची वाट तर पहिल्यापासूनच लेखी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी बारावीच्या पातळीवर लेखी परीक्षा असते: गणिताला 300 आणि सामान्य क्षमतेला 600 गुण. त्यानंतरच्या निवड मंडळापुढेही मानसशास्त्रीय चाचण्या लिहूनच द्याव्या लागतात. चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहावी लागते. पुढे मेजर झाल्यावर वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजसाठी पुन्हा स्पर्धा परीक्षा आहे, आणि तीत लष्करी इतिहासही विचारतात. 1870 मध्ये सिमल्यात स्थापन झालेली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन, जी आता दिल्लीत आहे, तिच्या नियतकालिकात अधिकारी आजही लेख लिहितात. आणि 2022 पासून प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले आहे. तेव्हा घरातली जी मुलगी गणितात पुढे आहे, तिच्याही हातात या परीक्षेचा अभ्यासक्रम द्या.

फरिश्त्याचा ग्रंथ उर्दूत मिळतो, आणि डॉ. भ. ग. कुंटे यांनी तो मराठीतही आणला आहे. ज्या घरात वालिद उर्दू वाचतात आणि मुले मराठी शाळेत जातात, तेथे दोन्ही प्रती शेजारी ठेवून निजामशाहीचे प्रकरण रोज चार पाने वाचता येईल. त्यातील बरीचशी ठिकाणे नागापूरहून सायकलवर पाहून येण्याजोगी आहेत.