तळटीप : विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६

३. विजयदुर्गच्या प्रकरणाचा सारा दोष लेखक येथे इंग्रजांच्या माथी मारतो. ते पुरते खरे नाही. इंग्रज आणि पेशवे यांच्यातील १७५५च्या करारानुसार जिंकलेला विजयदुर्ग (इंग्रजी कागदांतला ‘घेरिया’) पेशव्यांकडे यायचा होता. इंग्रजांचे आरमार समोर येताच किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे तहाच्या बोलण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेला. पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव किल्ला परस्पर पदरात पाडून घेतील, या धास्तीने इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन याने १२ तारखेला तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. धास्ती अगदीच निराधार नव्हती. पण सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटली, दोस्ताला छदामही दिला नाही, वर किल्ला अडवून धरला. ऑक्टोबरच्या तहात बाणकोट इंग्रजांकडे कायम झाले, तेव्हा तो सुटला. तुळाजी मात्र अखेरपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिला. – संपा.