शनिवारची सुट्टी कोणी शोधली?

मागे एका प्रोजेक्टवर आमची अर्धी टीम पुण्यात आणि अर्धी तेल अवीवला होती. तिकडचा एक जण माझ्याच वयाचा, कामात एकदम वाघ. पण शुक्रवारी दुपारी "भेटू रविवारी" असं लिहून तो जो गायब व्हायचा तो व्हायचाच. एकदा शुक्रवारी रात्री प्रोडक्शन सर्व्हरने मान टाकली. मी त्याला सहा फोन केले. एकही उचलला नाही. रविवारी सकाळी त्याची शांतपणे मेल: शब्बाथ होता, फोन बंद होता, आता बघतो. सॉरी वगैरे काही नाही!

मी भयंकर चिडलो. मग लक्षात आलं, की शनिवार माझाही सुट्टीचाच होता. अपॉइंटमेंट लेटरवर छापलंय तसं. तरी मी रात्री दोनपर्यंत ऑफिसात बसून थंडगार सँडविच खात होतो. म्हणजे तो राग होता की हेवा?

ज्यू विचारांनी पाश्चात्त्य जगाला काय काय दिलं याची यादी लांबलचक आहे. एकच देव, राजालासुद्धा तोंडावर सुनावणारे संदेष्टे, इतिहास गोल फिरत नाही तर कुठेतरी चाललाय ही कल्पना. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, ती तज्ज्ञांनी वाचावीत. मला त्या रात्रीपासून कुतूहल वाटतंय ते त्यातल्या सगळ्यात साध्या गोष्टीचं. सात दिवसांतून एक दिवस काम बंद.

आपल्याला वाटतं आठवडा म्हणजे निसर्गनियमच. तसं अजिबात नाही. दिवस पृथ्वी ठरवते, महिना चंद्र, वर्ष सूर्य. आठवडा मात्र कोणीच ठरवत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये दहा दिवसांचे गट होते, रोमन लोकांचा बाजार दर आठव्या दिवशी भरायचा. बाबिलोनमध्ये महिन्याच्या सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवसाला अशुभ मानत, पण ती मोजणी चंद्राला बांधलेली. नवा महिना लागला की पुन्हा एकपासून सुरुवात. आपल्याकडचे गवंडी अमावास्येला काम बंद ठेवतात ना, साधारण त्याच जातीतलं. ज्यूंनी केलं ते वेगळंच. त्यांनी मोजणी आकाशापासून तोडली. चंद्र काहीही करो, सहा दिवस काम, सातवा बंद, पुन्हा एक. आमच्या भाषेत सांगायचं तर कधीही रीसेट न होणारा काउंटर. हिब्रूत वारांना ग्रहांची नावंसुद्धा नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस अशी नुसती मोजदाद. नाव फक्त सातव्याला, शब्बाथ. (आपले सोम-मंगळ हे ग्रहांचे वार ग्रीक-रोमन ज्योतिषातून आले, ती कथा निराळी.)

पण खरी गंमत कारणात आहे. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात. 'निर्गम'मध्ये शब्बाथचं कारण असं, की देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकात तीच आज्ञा, पण कारण बदललेलं: तू इजिप्तमध्ये गुलाम होतास हे आठव, म्हणून. आणि विसावा कोणाकोणाला? मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, बैल, गाढव, गावात राहणारा परका. नोकरांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा हे तिथे मुद्दाम सांगितलंय. (यादीत बायकोचं नाव नाही हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.)

याच्या शेजारी बाबिलोनची कथा ठेवून बघा. तिथे देव कालवे खणून खणून कंटाळतात, संप करतात, आणि त्यांचं काम उपसायला माणूस तयार केला जातो. देवांना आराम, माणसाला घाम. इ.स.पू. सहाव्या शतकात जेरुसलेमचं मंदिर पाडून ज्यूंना कैद करून नेलं ते याच बाबिलोनमध्ये. मंदिर नाही, राजा नाही, जमीन नाही. जे मंदिरात करायचं ते करताच येईना. शब्बाथ मात्र कुठेही पाळता येतो, त्याला भिंती लागत नाहीत.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. इ.स.पू. 167 च्या सुमारास ग्रीक राजवटीविरुद्ध मक्काबींचं बंड सुरू झालं, तेव्हा लपून बसलेल्या लोकांवर सैन्याने शनिवारीच हल्ला केला. त्यांनी हत्यार उचललं नाही, सगळे मारले गेले. त्यानंतर उरलेल्यांनी ठरवलं, की कोणी अंगावर आलं तर शनिवारीही लढायचं. पुढे इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पाँपीने यातली फट बरोबर हेरली. हल्ला केला तर हे लढतात, पण नुसती माती टाकली तर अडवत नाहीत. मग त्याने जेरुसलेमच्या तटाला भिडणारा बांध शनिवारी रचून घेतला!

रोमन विद्वानांना हा प्रकार म्हणजे निव्वळ आळस वाटायचा. आयुष्याचा सातवा हिस्सा हे लोक वाया घालवतात अशी सेनेकाची तक्रार होती. टॅसिटसनेही जवळपास तेच लिहून ठेवलंय. युटिलायझेशनचा तक्ता घेऊन फिरणारा मॅनेजर त्या काळीही होताच म्हणायचा.

पण हळूहळू रोमच त्या आठवड्यात शिरलं. ख्रिस्ती लोकांनी सात दिवसांची मोजणी ज्यूंकडून घेतली, दिवस मात्र येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे रविवार धरला. 321 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने सूर्याच्या या दिवशी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र काम करायची मुभा दिली. ज्यूंच्या मूळ कल्पनेत बैलालाही सुट्टी होती, इथे बैल पुन्हा कामाला जुंपला गेला.

हा आठवडा मोडायचे प्रयत्नही झाले. फ्रेंच क्रांतिकारकांनी 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. सुट्टी दहाव्या दिवशी, म्हणजे साताऐवजी दहा दिवसांतून एकदा. लोकांनी हिशोब केला आणि नाकं मुरडली. नेपोलियनने 1806 च्या सुरुवातीला तो प्रकार गुंडाळला. सोव्हिएत रशियाने 1929 मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला. कामगारांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी, म्हणजे मशीन कधीच थांबणार नाही. कागदावर झकास डिझाइन! फक्त नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. मग सहा दिवसांचा करून पाहिला आणि 1940 मध्ये मुकाट्याने सातावर परत. नुसती सुट्टी पुरत नाही, सगळ्यांना एकत्र लागते, हे त्या हुशार प्लॅनर मंडळींच्या लक्षात आलं नव्हतं.

दोन दिवसांचा वीकेंड हे तर विसाव्या शतकातलं बाळ. अमेरिकेत ज्यू कामगारांना शनिवार हवा आणि ख्रिस्ती लोकांना रविवार, या ओढाताणीचाही त्यात वाटा आहे. 1926 मध्ये हेन्री फोर्डने कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. त्याच फोर्डच्या वर्तमानपत्राने त्याआधी काही वर्षं ज्यूंविरुद्ध गरळ ओकली होती. इतिहासाला विनोदबुद्धी असते.

आपल्या मुंबईची गोष्टही याच धाग्याला लागून आहे. गोऱ्या साहेबाला चर्चसाठी रविवार मोकळा, गिरणी कामगाराला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यात पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. रविवार आमच्या खंडोबाचा वार, असाही दाखला त्यांनी दिल्याचं सांगतात. 10 जून 1890 पासून सुट्टी मिळाली. साहेबाच्या चर्चमधून आणि खंडोबाच्या नावाने, ज्यूंच्या कल्पनेचा एक तुकडा परळ-लालबागपर्यंत पोचला.

आणि त्याच्या कितीतरी आधीपासून अलिबागकडच्या गावांत घाणे चालवणारी काही माणसं होती. मराठी बोलणारी, गावावरून आडनावं लावणारी. बाकीचं पुष्कळसं धर्मज्ञान ती विसरून गेली होती, पण शनिवारी घाणा बंद. शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बेने इस्रायल ते हेच. आमच्या आयटीतल्या भाषेत, डॉक्युमेंटेशन हरवलं पण क्रॉन जॉब चालू राहिला.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने ठरवलं, की शनिवारी फोन बंद. दोन शनिवार जमलंही. तिसऱ्या शनिवारी मित्र जेवायला आले, मस्त गप्पा झाल्या, बेसिनमध्ये ताटांचा ढीग लागला. रविवारी सकाळी धुणंभांडी करणाऱ्या मावशी आल्या, ढिगाकडे बघितलं आणि पदर खोचला. 'अनुवाद'मधली ती यादी मला नेमकी तेव्हाच आठवली. विचारलं, "मावशी, तुम्हाला सुट्टी कधी असते हो?"

"यांना असते ना अमावास्येला. गवंडी हायेत. त्या दिशी घरीच असतात दिवसभर," त्या नळ सोडत म्हणाल्या. "म्हणून त्या दिशी मला यायला उशीर होतो, जेवण जास्तीचं करावं लागतं."