सिरियाची क्षेपणास्त्रीय हवाई संरक्षणव्यवस्था

शत्रूच्या विमानांपासून राजधानी दमास्कस, औद्योगिक शहरे, बंदरे व लष्करी तळ यांचे रक्षण करण्यासाठी सिरियाने सोव्हिएट रशियाच्या साहाय्याने उभारलेली, भूपृष्ठावरून आकाशात मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रांची यंत्रणा. १९७३ च्या अरब–इझ्राएल युद्धात या यंत्रणेने इझ्राएलच्या वायुसेनेस जेरीस आणले. डिसेंबर २०२४ मध्ये ती जवळजवळ नामशेष झाली. शस्त्रास्त्रे जुनी होतात म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यास तिचा इतिहास उद्‌बोधक आहे.

घटक व कार्यपद्धती : अशा यंत्रणेत टेहळणी रडार, लक्ष्याचा माग ठेवून क्षेपणास्त्राला दिशा देणारे रडार, प्रक्षेपक, क्षेपणास्त्रे आणि या सर्वांना जोडणारी आज्ञाकेंद्रे व संदेशवहन जाळे हे घटक असतात. रडारचे तरंग सरळ रेषेत जात असल्याने डोंगराआड व जमिनीलगत उडणारी विमाने त्याला दिसत नाहीत. शिवाय रडार सुरू केले की, त्याचे स्थान शत्रूस कळते व बंद ठेवले, तर सर्व दल आंधळे होते. दमास्कसच्या पश्चिमेस लेबाननच्या सीमेवर अँटी-लेबानन पर्वताची रांग असून गोलान टेकड्यांवरील युद्धविराम रेषा राजधानीपासून सु. ६० किमी. अंतरावर आहे. त्यामुळे हल्ल्याची पूर्वसूचना व प्रत्यक्ष हल्ला यांमध्ये सिरियाला नेहमीच अवधी थोडा मिळत आला. बहुतेक क्षेपणास्त्र-तळ दमास्कस, होम्स, हमा, अलेप्पो व समुद्रकिनारा या पश्चिमेकडील पट्ट्यात एकवटले होते. पूर्वेकडील वाळवंटी प्रदेशात ते विरळ होते.

उभारणी व १९७३ चे युद्ध : उंचावरील विमानांसाठी एस–७५, कमी उंचीवरील विमानांसाठी एस–१२५ आणि रणगाडा-दलांबरोबर हलविता येणारी कूब (पाश्चात्त्य नाव एसए–६) ही क्षेपणास्त्रे सिरियाने मिळविली. त्यांच्या जोडीस रडार-नियंत्रित विमानविरोधी तोफा होत्या. क्षेपणास्त्रे टाळण्यासाठी खाली आलेले विमान तोफांच्या माऱ्यात सापडे. कूबच्या लक्ष्यदीपक रडारच्या अखंड तरंगांची सूचना इझ्राएली विमानांतील उपकरणे देऊ शकत नव्हती. ७ ऑक्टोबर १९७३ रोजी गोलान आघाडीवरील क्षेपणास्त्र-तळांवर इझ्राएलने केलेला हल्ला फसला व त्यात सहा फँटम विमाने गमवावी लागली. इजिप्त व सिरिया या दोन्ही आघाड्यांवर मिळून इझ्राएलची सु. शंभर विमाने या युद्धात नष्ट झाली.

बेका खोरे, १९८२ : या यशातून उभय पक्षांनी वेगवेगळे धडे घेतले. इझ्राएलने कूबचा कसून अभ्यास करून तिच्यावर उतारा शोधला. सिरियाने मात्र त्याच पद्धतीवर भिस्त ठेवली. एप्रिल १९८१ मध्ये सिरियाने लेबाननमधील बेका खोऱ्यात कूबची दले नेली. ही क्षेपणास्त्रे चाकोरीच्या वाहनांवर असूनही दीर्घकाळ ठराविक जागीच ठेवली गेल्याने त्यांची स्थाने इझ्राएलला माहीत झाली. ९ जून १९८२ रोजी इझ्राएलने प्रथम वैमानिकरहित विमाने व फसवी लक्ष्ये पाठविली. सिरियन रडार सुरू होताच त्यांच्या तरंगांचा वेध घेणारी क्षेपणास्त्रे सोडली आणि संदेशवहनात अडथळे आणले. खोऱ्यातील १९ क्षेपणास्त्र-दलांपैकी बहुतेक दले सु. दोन तासांत निकामी झाली. त्यांच्या मदतीस धावलेल्या सिरियन वायुसेनेचीही अपरिमित हानी झाली. पुढील काही दिवसांत आपण ऐंशीहून अधिक विमाने पाडल्याचे इझ्राएलने सांगितले. नऊ वर्षांपूर्वीचे तेच अस्त्र होते. बदलले होते ते प्रतिपक्षाचे ज्ञान.

वार्धक्य : या पराभवानंतर १९८३ मध्ये सोव्हिएट रशियाने एस–२०० ही दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोव्हिएट सैनिकांसह सिरियात आणली. त्यांचा पल्ला दोनशे किमी. पेक्षा अधिक होता. तथापि सु. ७ टन वजनाचे हे क्षेपणास्त्र पक्क्या तळावरूनच सोडता येते. उंचावरील मोठ्या विमानांसाठी ते योजलेले असल्याने चपळ विमानांविरुद्ध त्याची उपयुक्तता मर्यादित होती. एस–७५ व एस–२०० यांतील द्रवरूप इंधन व ऑक्सिडीकारक ही संक्षारक रसायने असल्याने देखभाल जिकिरीची असते. १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्याचे विघटन झाल्यावर उधारीवर मिळणारी शस्त्रे बंद झाली. २००५ मध्ये रशियाने सिरियाच्या जुन्या कर्जाचा सु. तीन-चतुर्थांश भाग माफ केला व नंतर पँत्सिर, बूक–एम२ यांसारखी नवी अस्त्रे आली. परंतु ६ सप्टेंबर २००७ रोजी इझ्राएली विमानांनी पूर्वेकडील दैर-एझ-झोर प्रांतात बांधली जात असलेली अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा ही यंत्रणा निष्प्रभ ठरली.

यादवी युद्ध व त्यानंतर : २०११ मध्ये पेटलेल्या यादवी युद्धात अनेक हवाई संरक्षण तळ बंडखोरांच्या हाती पडले आणि संरक्षणाची साखळी ठिकठिकाणी तुटली. तरीही जुनी अस्त्रे निरुपद्रवी नव्हती. १० फेब्रुवारी २०१८ रोजी सिरियन माऱ्यामुळे इझ्राएलचे एक एफ–१६ विमान पडले. १४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी सिरियावर १०५ क्षेपणास्त्रे सोडली. त्यांतील एकही अडविले गेले नाही, असे अमेरिकेने सांगितले, तर ७१ पाडली गेल्याचा रशियाचा दावा होता. १७ सप्टेंबर २०१८ रोजी लॅटाकियाजवळ सिरियाच्याच एस–२०० क्षेपणास्त्राने रशियाचे आयएल–२० विमान पाडले व त्यातील १५ जण मृत्युमुखी पडले. रशियाने त्याचा दोष इझ्राएलवर ठेवला. इझ्राएलने तो नाकारला. मित्र व शत्रू यांतील भेद ओळखण्याची व्यवस्था मात्र येथे अपुरी पडली, यात शंका नाही. १ जुलै २०१९ रोजी भरकटलेले एक क्षेपणास्त्र उत्तर सायप्रसमध्ये कोसळले, तर २२ एप्रिल २०२१ रोजी दुसरे इझ्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात डिमोना परिसरात पडले. रशियाने २०१८ मध्ये दिलेली एस–३०० क्षेपणास्त्रे २०२२ मध्ये परत नेण्यात आली. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळताच इझ्राएलने केलेल्या शेकडो हल्ल्यांत उरलेल्या तळांचा बहुतांश नाश झाला.

मूल्यमापन : हवाई संरक्षणाचे बळ बहुधा प्रक्षेपकांची संख्या व क्षेपणास्त्रांचा पल्ला यांवरून मोजले जाते. नकाशावर पल्ल्याची वर्तुळे काढली, तर १९८२ किंवा २००७ मधील सिरिया अभेद्य वाटला असता. खरे बळ रडारांची परस्परपूरकता, संदेशवहनाचा वेग, तळ बदलण्याची तत्परता, सैनिकांचे शिक्षण आणि शत्रूला अपरिचित असे काही राखून ठेवण्याची क्षमता यांत असते. धातू गंजण्यापूर्वीच, शत्रूस त्याचे मर्म कळते त्या दिवशी, अस्त्र म्हातारे होते. सिरियाने प्रत्येक पराभवावर अधिक पल्ल्याचे अस्त्र हे उत्तर शोधले. अस्त्रांना जोडणारी व्यवस्था मात्र दुबळीच राहिली. अशा यंत्रणेचा धाक कमी झाला, तरी धोका संपत नाही. तो केवळ शत्रूपुरता न राहता मित्रांच्या विमानांना व शेजारच्या देशांतील नागरिकांनाही भोवतो, हे सायप्रस व लॅटाकिया येथील घटनांनी दाखवून दिले.