यवतमाळ जिल्ह्यातील तेल-एंजिने आणि दोषनिदानाची परंपरा

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात यंत्रांची मोजदाद झाली आहे. यंत्र बंद पडल्यावर ते कोण व कसे तपासीत असे, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. १९०३ साली सुरू झालेला मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग मुख्यतः कापसासाठी होता, आणि कापसाच्याच निमित्ताने जिनांतून वाफेचे एंजिन येथे रुळले. वाफेच्या एंजिनाचा दोष बहुधा उघडा असतो. सांध्यातून निसटणारी वाफ दिसते, दाब उतरल्याचे काटा सांगतो, आणि थोडी गळती सोसूनही ते काम रेटीत राहते. मँचेस्टर येथे १९२१ साली बनलेले एंजिन या लोहमार्गावर १९२३ पासून १९९४ पर्यंत चालले, यात या सोशिकपणाचा वाटा असावा.

तेल-एंजिनाचे तसे नाही. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात आणि पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सने ही यंत्रे देशी केली, आणि विहिरीवरील मोट हळूहळू मागे पडली. डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत तेलाचा बारीक फवारा उडतो व आपोआप पेट घेतो. दाब, वेळेवर पोहोचणारे तेल आणि फवारा यांपैकी एक जरी उणे झाले तरी एंजिन चालू होत नाही, आणि बाहेरून तिन्ही दोष सारखेच दिसतात. निदानाची खरी अडचण हीच होय.

ती सोडविण्यासाठी मिस्त्र्याने धूर आणि आवाज यांचा आश्रय घेतला. काळा धूर म्हणजे तेल अधिक व हवा अपुरी. बहुधा हवेची जाळी कचऱ्याने तुंबलेली किंवा एंजिनावर भार जास्त. निळा धूर म्हणजे झिजलेल्या रिंगांवाटे वंगण जळत आहे. पांढरा धूर अधिक फसवा. तेल न जळताच बाहेर पडत असेल, किंवा हेडच्या गॅस्केटातून पाणी आत शिरत असेल. टाकीतील पाणी विनाकारण उतरते का, हे पाहिल्यावाचून निर्णय होत नाही. हँडल मारताना हाताला नेहमीचा अडसर लागला नाही, तर दाब व्हॉल्व्हातून वा रिंगांतून निसटतो आहे. दाब सोडून हँडल फिरविले असता नोझलचा ‘चर्र’ असा आवाज आला नाही, तर तेलाच्या नळीत हवा धरली आहे असा संशय प्रथम घ्यावयाचा.

या क्रमाला महत्त्व होते. जिल्ह्यातील शेती बहुतांशी जिरायती. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचा हरभरा वा गहू एंजिनावर अवलंबून. नळीतील हवा काढण्याचे काम काही मिनिटांचे. त्याऐवजी हेड उघडले तर नवे गॅस्केट, शहराची खेप आणि ऐन ओलिताच्या दिवसांत खोळंबा. म्हणून आधी टाकी, मग गाळणी, मग हवा, मग नोझल, आणि हेड सर्वांत शेवटी, हा नियम उस्तादाकडून शिष्याकडे तोंडीच आला. १९५० साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेने त्याला पुढे अभ्यासक्रमाचे रूप दिले.

पेट्रोल मोटारीचे निदान काहीसे निराळे होते. वैशाखाच्या उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबे, आणि पंपावर ओले फडके ठेवल्यावर ती पुन्हा निघे. अनोळखी माणसाला हा तोडगा जादूटोण्यासारखा वाटे.

विजेचे पंप आल्यावर विहिरीवरील एंजिन मागे पडले. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ मानकांनंतर दुचाकींतूनही कार्ब्युरेटर बहुतांशी गेला, आणि बिघाडाचा सांकेतिक क्रमांक उपकरणावर उमटू लागला. तो क्रमांक लक्षणाचा असतो. मिश्रणात तेल कमी पडते एवढेच तो सांगतो. हवेची नळी कोठे चिरली आहे, हे शोधण्यास कान लावून फुसकारा ऐकावा लागतो.